मरळ, एक, हातभर

माणिकरावांनी राहुटीचा चौथा खुंटा दगडानं ठोकला, हात झटकले, आणि कोटाच्या खिशातून कागद काढून त्यावर चौथी खूण केली. कागदाला रकाने पाडलेले होते: बाब, जबाबदार इसम, वेळ, शेरा. राहुटीच्या खाली 'सरपण – सटवाजी' होतं, त्याखाली 'चूल – कमलबाई', आणि सगळ्यात शेवटी, जरा ठळक अक्षरात, 'मरळ, एक, हातभर, कस्तुराकरिता – खुद्द. संध्याकाळी पाच.'

"राव," बैलं सोडता सोडता सटवाजी म्हणाला, "मरळीला कळवलंय का, किती वाजता यायचं ते?"

"कळवायचं काय त्यात? पाण्याखालीच तर असती."

"न्हाई, उशीर झाला म्हंजे तिला?"

"मग शेरा मारू."

सटवाजीची गाडी, सटवाजीची बैलं, आणि वीस वर्षांची ओळख. त्यामुळं तो माणिकरावांना काहीही बोलू शकत असे. जिंतूरच्या निजामी तहसील कचेरीत माणिकराव अहलकार, म्हणजे कारकून, होते. कागदावर आलं नाही ते झालंच नाही, अशी त्यांची समजूत होती, आणि घराबाहेर ती कधी चुकीची ठरली नव्हती. राहुटीसुद्धा कचेरीचीच होती, दौऱ्यावरून बाद झालेली. तिला तीन ठिकाणी ठिगळं होती आणि एका ठिकाणी शिक्का.

समोर घागरतळं पसरलं होतं. सात बाजांचं सुंभ उसवून एकाला एक जोडलं आणि दगड बांधून सोडलं, तरी तळ लागत नाही असं म्हणत. माणिकरावांनी हे कागदाच्या मागल्या बाजूला टिपून ठेवलं होतं आणि पुढं कंसात 'ऐकीव' असं लिहिलं होतं.

कस्तुरा, म्हणजे त्यांची लेक कस्तुराबाई, मानवतहून चार दिवसांसाठी माहेरी आली होती. शनिवारी दीर न्यायला येणार. लहानपणी तिला मासा एवढा आवडायचा की, ताटात कालवण असलं म्हणजे ती बोलायची नाही. माणिकराव काटे काढून घास तिच्या पुढ्यात ठेवायचे आणि ती मांजरासारखी डोळे मिटून खायची. गेल्या श्रावणात माणिकरावांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ते कोणाला ओळखत नव्हते. त्यातून उठल्यावर, भिंतीला धरून चालायला लागल्यावर, त्यांनी पहिला बेत केला तो हा: लेक आली की घागरतळ्यावर मुक्काम, आणि तिला आपल्या हातानं धरलेली मरळ. गुरुवारची एक दिवसाची रुखसत, म्हणजे रजा, आणि त्याला लागून कचेरीची शुक्रवारची सुटी. बेतात खोट काढायला जागा नव्हती.

ती खोट त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, चूल मांडता मांडता काढली.

"आवो, आज काय हाय?"

"बहमनची सतरा."

"ती तुमच्या सरकारची. देवाघरची एकादशी हाय आज. पंचांग बघितलं का?"

माणिकरावांनी कागद उलटा करून पाहिला. तिथं 'ऐकीव' होतं, एकादशी नव्हती. फसली सालाच्या तारखा कचेरीत पाठ, रुखसतीचा अर्ज त्याच तारखांनी, बेतही त्याच तारखांनी. तिथीला त्यात कोणी विचारलंच नव्हतं.

"मग गळ आज टाकायचा न्हाई?"

"टाका की. आन् खा बी तुमीच. आमी भगर खातो."

सटवाजी बैलाच्या आडून हसला. माणिकरावांनी त्याच्याकडं न बघता शेरा मारला: 'उद्या सकाळी सहापर्यंत तहकूब.'

भगर खाऊन ते राहुटीत आडवे झाले. थोड्याच वेळात घोरण्याचा आवाज सुरू झाला. सटवाजी सरपणाला गेला होता. राहुटीच्या मागं, सावलीत, मायलेकी भांडी घासायला बसल्या. कस्तुराबाई एकच तांब्या बराच वेळ घासत होती.

"झिजंल तो," कमलबाई म्हणाल्या.

"माय, उद्या मी काय करू?"

"काय करू म्हंजे? चूल पेटव. मी मसाला आणलाय वाटून."

"मी मासा सोडलाय."

कमलबाईंचा राखेचा हात थांबला.

"कवा?"

"दादांना ताप होता तवा. तुमचं पत्र आलं, अठरावा दिवस हाय म्हणून. मला येऊ दिलं न्हाई, नदीला पाणी होतं. महादेवापुढं बसले आन् म्हणलं, माझ्याजवळ दुसरं काय हाय? आवडतं तेवढं एक हाय, ते घे. जलमभर."

कमलबाईंनी लेकीकडं पाहिलं, मग तांब्याकडं.

"सांगून टाक त्यांना."

"सांगते की! मग काय म्हणतील ठाव हाय ना तुला? लेकीच्या तोंडातला घास काढून मी जगायलोय, म्हणतील. आयुष्यात माशाला शिवायचे न्हाईत."

"मग उद्या खा एक घास. देव काय तुझ्या ताटाजवळ बसायलाय का?"

"आन् मी खाल्ला, आन् त्यांना काही झालं म्हंजे?"

राहुटीतलं घोरणं मध्येच थांबलं. दोघींनी एकदम तिकडं पाहिलं. मग ते पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जरा जास्तच जोरात आणि ठरावीक अंतरानं.

संध्याकाळी माणिकरावांनी कागद काढला, शेवटच्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवलं आणि काही न लिहिता परत खिशात घातला. सटवाजीनं विचारलं, "काय राव, मरळीचं उत्तर आलं का?" तर म्हणाले, "बघू सकाळी."

सकाळी थंडी होती. तळ्यावरून वाफा निघत होत्या. कमलबाईंनी कागदात लिहिल्याप्रमाणं आमिषाची कणीक मळली. गूळ घातला, हिंग घातला. हिंगाच्या वासाला मासा येतो, असं माणिकरावांचे वडील सांगायचे. गोळा पळसाच्या पानात गुंडाळून कमलबाईंनी वर निळा दोरा बांधला आणि दोन गाठी मारल्या. पुडकं नवऱ्याच्या हातात देताना त्या काहीतरी बोलणार होत्या. माणिकराव गंगाकाठच्या, म्हणजे गोदेकाठच्या, गावात वाढलेले. गळ टाकून ते रिकाम्या हातानं परत आल्याचं कमलबाईंनी लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं.

"जपून," एवढंच त्या म्हणाल्या.

"जपूनच," माणिकराव म्हणाले.

ते काळ्या खडकावर जाऊन बसले. बांबूची काठी, सुतळी, सुतळीला तरंगायला मोरपिसाचा देठ. गळ पाण्यात गेला. काठावर कस्तुराबाईनं चूल पेटवली, ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा कमलबाईंनी तिच्या हातून फुंकणी घेतली.

"वारं तरी असू दे पोरी, मग विझव."

सटवाजी बैलांना पाणी पाजून आला तो हातवारे करतच.

"राव! आवो राव! डाव्या अंगाला बगा! बुडबुडे निघायलेत!"

खडकावर माणिकरावांनी टोपी सारखी केली.

"मरळच हाय ती! शेपटी दिसायली!"

माणिकरावांनी हात वर केला. समजलं म्हणायला किंवा गप्प बस म्हणायला, त्यांचा हात एकच असे. ते मोरपिसाच्या देठाकडं बघत होते आणि देठ जागचा हलत नव्हता. ऊन खडकावर आलं, मग त्यांच्या गुडघ्यावर, मग टोपीवर. तेव्हा ते उठले, सुतळी नीट गुंडाळली आणि काठी खांद्यावर टाकून परत आले.

कस्तुराबाई उभी राहिली. पदराचं टोक तिच्या मुठीत होतं.

"न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"एक बी न्हाई?" सटवाजीला हे सोसवेना. "काल बैल पाणी प्यायलता तर त्याच्या तोंडाला मासे लागायलते! हात घालून धरता येत्याल असं तळं हाय हे!"

"आज शुक्रवार," माणिकराव म्हणाले. "सुटीवर असतील."

त्यांनी काठी राहुटीला टेकवली आणि पुडकं चुलीजवळ ठेवून हात धुवायला गेले. कमलबाईंनी ते उचललं. पळसाचं पान कोरडं होतं. वर निळा दोरा, आणि दोऱ्याच्या दोन गाठी, त्यांनीच मारलेल्या, अजून तशाच.

खरं म्हणजे कणीक तळ्यात फेकून दिली असती तर काम भागलं असतं. पण कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला शिल्लक माल जमा केल्याशिवाय राहवत नाही.

कमलबाईंनी गाठी नखानं सोडल्या. कस्तुराबाई बघत होती. आधी पुडक्याकडं, मग पाण्याजवळ पाठमोऱ्या बसलेल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ हात धूत असलेल्या बापाकडं. तिनं चूल फुंकली. या खेपेला पहिल्याच फुंकरीला जाळ धरला.

त्या कणकेचे पानगे झाले. पळसाच्या पानात थापलेले, निखाऱ्यावर भाजलेले. चौघं गोल बसले.

"हिंग लय झालाय," सटवाजी म्हणाला.

"तुझ्यासाठी न्हवता तो," कमलबाई म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी होता त्यांची तक्रार न्हाई."

कस्तुराबाईनं बापाच्या पानग्यावर तुपाची धार धरली, ती बराच वेळ सोडेना. माणिकरावांनी तो मोडला. एक तुकडा घेतला, अंगठ्यानं दाबला, बोटांनी चाचपला, अगदी काटा राहिलाय का बघावं तसा, आणि लेकीच्या पानात ठेवला. तिनं डोळे मिटून खाल्ला.

दुपारी राहुटी उतरली. गाडीला हिसके बसत होते. माणिकरावांनी मांडीवर कागद ठेवून शेवटच्या ओळीसमोरचा रकाना भरला आणि अक्षर वाकडं आलं म्हणून चुकचुकले. कस्तुराबाईनं हात पुढं केला. तिला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं होतं. तिनं वाचलं:

'तळ्यात मासे आढळले नाहीत. पुढच्या वर्षी खुद्द जाऊन पुन्हा पाहणी करणे.'

तिनं ते दोनदा वाचलं आणि कागद घडी घालून परत केला.

"पुढच्या वर्षी नक्की, दादा?"

"लिहिलंय की," माणिकराव म्हणाले.