कवळ्या करणारा मुलगा

मुलगा काय शिकतो असं कुणी विचारलं, की शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाई सुईत दोरा ओवता ओवता सांगायच्या, "डॉक्टर होतोय. दातांचा. मोठ्या डॉक्टरकीला मार्क जरा कमी पडले हो." मुलगा शेजारी उभा असला तरी हेच. चार वर्षं तो मुकाट ऐकत होता.

पुढचंही बाईंनी ठरवून टाकलं होतं. त्यांच्या भावाचा वेडेवाकडे दात सरळ करायचा दवाखाना होता. काचेचं दार, गारगार हवा. भाच्यासाठी त्यानं एक खुर्ची मोकळी ठेवली होती आणि बाईंनी शब्द दिला होता. पोराचं म्हणणं वेगळंच. त्याला कॉलेजातच राहायचं होतं, कवळ्यांच्या विभागात, आणि पुढे तेच शिकायचं होतं.

"जन्मभर म्हाताऱ्यांच्या बोळक्यांत हात घालणार? मामाकडे बघ, कशा तरण्याताठ्या पोरी येतात तारा लावायला."

"मग पोरी बघायला दात शिकू का मी, आई?"

"वर तोंड करून बोलू नकोस. महिनाअखेरीला मामाला कळवायचंय."

आता बाईंचं स्वतःचं एक गुपित होतं. त्यांच्याच तोंडात एक दात उरलेला नव्हता. कवळी होती, पण ढिली. जेवताना ती रुमालात जायची, म्हणून बाई सगळ्यांचं आटोपल्यावर एकट्या जेवायच्या. हसू आलं की तोंडावर हात. घरात कुणाला कळलेलं नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

परीक्षेआधी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच रुग्ण शोधून एक पूर्ण कवळी करून दाखवावी लागे. मुलाला एक रिटायर झालेले पोस्टमन मिळाले होते. ते अर्ध्यावरच लेकीकडे राहायला निघून गेले. तीन दिवस पोरगा दात नसलेलं माणूस शोधत गावभर फिरला. चौथ्या दिवशी त्याचं उतरलेलं तोंड बाईंना बघवेना.

"चल. माझं तोंड घे. पण बाहेर बोललास तर याद राख."

"मी विचारणारच होतो. तू चिडशील म्हणून गप्प बसलो."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"आई, मी दातांचा डॉक्टर होतोय."

मग कॉलेजच्या चकरा सुरू झाल्या. मापं घेतली, पुन्हा घेतली. एके दिवशी मुलानं गुलाबी मेणात बसवलेले दात आणले. हे पक्कं काम नव्हे, आधी घालून बघायचं. बाईंना हे लगेच उमगलं. कच्चा टाका घालून झगा अंगावर चढवून बघायचा, तसंच की. विभागाच्या मॅडमही शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

बाईंनी आरसा धरला. पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढला होता.

"हा तिरका का बसवलास? गिऱ्हाइकानं वाकडी कॉलर खपवून घेतली असती का?"

"तुझा तसाच होता. सरळ लावूनही बघितला. पण मग आरशात दुसरीच कुणी बाई दिसली असती."

बाई पुन्हा आरशात बघू लागल्या. सहा वर्षांत न दिसलेलं आपलंच तोंड होतं ते. मॅडमनी पन्नास ते साठ मोजायला सांगितलं. बाईंनी मोजलं. एकही दात हलला नाही. पोराचं कौतुक जिभेवर आलं आणि सवयीनं भलतंच बाहेर पडलं, "मोठ्या डॉक्टरकीला मार्क कमी पडले, म्हणून इकडे आला हो हा."

"मीही तशीच आले," मॅडम म्हणाल्या. "इथले निम्मे तसेच येतात. कुणाच्या वडलांचा दवाखाना असतो, कुणाला रात्रीची ड्यूटी नको असते, कुणाला हातानं काहीतरी घडवायची आवड असते. यायचं कारण काहीही असू दे. राहायचं कारण ज्याचं त्याला शोधावं लागतं. याला ते सापडलंय. तुम्हीच तेवढ्या अजून चार वर्षांपूर्वीच्या मार्कांवर अडून बसलात."

एरवी बाईंनी अशा बोलण्याला तिथल्या तिथे टाचून टाकलं असतं. आज त्यांना स्वतःचेच जुने दिवस आठवले. त्या तरी शिवणात कुठे हौसेनं आल्या होत्या? घरात मशीन पडून होतं, म्हणून बसल्या. आणि आज कुणी म्हटलं असतं, की दुसरं काही जमलं नाही म्हणून ही शिवते, तर त्याच्या अंगावर कात्री घेऊन धावल्या असत्या!

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी भावाला फोन लावला.

"ती खुर्ची दुसऱ्या कुणाला दे बाबा. हो, शब्द मीच दिला होता. शब्द माझा होता, पण हात त्याचे आहेत ना? रागाव हवं तर. रविवारी जेवायला ये आणि समोर बसून रागाव."

दाराशी उभ्या असलेल्या मुलानं इतका मोठा श्वास सोडला, की बाईंना हसू आलं. त्यांचंही ओझं उतरलं होतं. चार वर्षं मुलाला कमी लेखत त्या स्वतःच कष्टी होत होत्या, हे त्यांना आत्ता कळलं.

आपल्याही घरांत हेच चालतं. पोरगं कोर्सला कसं लागलं, किती मार्कांनी काय हुकलं, हेच आपण वर्षानुवर्षं उगाळत बसतो. तिथे गेल्यावर त्याचा जीव कशात रमला, हे काही विचारत नाही. एकदा विचारा. नीट ऐकून घ्या. आणि जमलं तर त्यानंतर थोडं गप्प बसा.