निघालेले पाहुणे

मीठ विकणारा पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि माझं डोकं फिरलं. पाठीवर गाठोडं, पायांत वहाणा, म्हणजे निघायची सगळी तयारी. पण निघायचं नाव नाही. आत आचारी अडकलेला, बाहेर वस्ती उपाशी, आणि कोठार धान्याने भरलेलं.

हा सगळा प्रकार पडद्यावरचा. मी आणि ताई, आम्ही दोघं भावंडं मिळून एक खेळ बनवत होतो. माळावर मूठभर माणसांची वस्ती वसवायची, घरं बांधायची, शेती करायची, हिवाळा काढायचा. प्रोग्राम ताई लिहायची. मी तो खेळून खेळून चुका पकडायचो आणि किरकोळ दुरुस्त्या करायचो. मधूनमधून वस्तीत पाहुणे येत. त्यांनी जेवावं, झोपावं, चार वस्तू विकाव्यात आणि सकाळी आपल्या वाटेने जावं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. पण गेल्या आठवड्यापासून ते जातच नव्हते. एक बासरीवाला जखमी माणसाच्या खाटेला असा खेटून उभा, की वैद्याचा हात पोचेना. एक म्हातारी कोंबड्यांच्या खुराड्यात. थंडी पडली की गाठोड्यासकट तिथेच गोठून मरायचे, आणि वस्ती बदनाम व्हायची, की म्हणे इथे पाहुणे मारतात.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. आमच्या पाहुण्यांना मुळात अक्कल नव्हतीच, त्यामुळे जायची पाळी माझ्या अकलेवर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कंपनी खेळ विकत घ्यायचा की नाही ते ठरवायला तो खेळून बघणार होती. आणि आज ताईचा इथला शेवटचा दिवस होता. तिला दुसऱ्या शहरात मोठी नोकरी लागली होती. संध्याकाळी टॅक्सीने ती ऑफिसमधूनच थेट स्टेशनवर जाणार होती. तिची बॅग दाराशी ठेवलेली आणि येता-जाता मला तिची ठेच लागत होती. पाहुण्यांचं डोकं ताईने लिहिलेलं. ती गेल्यावर त्यात हात घालायची माझी टाप नव्हती.

नोकरीचं कळल्यापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होतो. मला राग आला होता, साधा सरळ राग. खेळ दोघांनी सुरू केला आणि ही मध्येच उठून चालली. तिने दोनदा काहीतरी बोलायला घेतलं, तेव्हा मी पाहुण्यांचा विषय काढला.

सकाळपासून मी नाना उपाय केले. दार रुंद केलं, तर रुंद दारात दोघं उभे राहिले. वेशीचं फाटक सताड उघडं ठेवलं, ढिम्म हलले नाहीत. जेवण बेचव केलं, तर नाक मुरडून जेवले आणि परत उभे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं चाललं होतं. मी टेबलावर मूठ आपटली आणि ताईला म्हणालो, की तुझी ही माणसं तुझ्यासारखीच हट्टी आहेत.

ती चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभी राहून बघत होती.

"हा दार अडवत नाहीये," ती म्हणाली. "आचाऱ्याकडे बघतोय."

खरंच बघत होता. बासरीवाला वैद्याकडे, म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या पोरीकडे. ज्याने आल्या आल्या पाणी विचारलं, त्याच्याच तोंडाकडे प्रत्येक जण बघत होता.

ताईने कप खाली ठेवला आणि विचारलं, की वस्तीतल्या माणसांच्या चालण्यात मी अलीकडे काही बदललं का. बदललं होतं. वस्तीतली माणसं हातातलं काम टाकून उगीच फाटकापर्यंत फिरून यायची, चुलीवरचं करपायचं. मला ती चूक वाटली, म्हणून मी तो रिकामटेकडेपणा बंद करून टाकला होता.

"रिकामे नव्हते रे फिरत," ताई म्हणाली. "पोचवायला जायचे."

मला आप्पा आठवले. आमच्या वडिलांची ती खोडच होती. घरी कोणीही येवो, अगदी मीटर बघायला आलेला माणूस असो, आप्पा त्याला फाटकापर्यंत पोचवायला जायचेच. भरल्या ताटावरून उठायचे. आई मागून करवादायची, की तो काय वाट चुकणार आहे? ताईने खेळाच्या पहिल्याच महिन्यात तो नियम घालून ठेवला होता: पोचवायला कोणी उठलं नाही, तर पाहुणा हलणार नाही. आणि मला सांगितलंही नव्हतं.

"तुला काय सांगायचं त्यात," ती म्हणाली. "आपल्याच घरातलं."

मी म्हणालो, मला काय स्वप्न पडणार होतं? तिने माझी दुरुस्ती काढून टाकली. आचाऱ्याने भांडं उतरवलं, हात पुसले आणि मीठवाल्याबरोबर फाटकापर्यंत गेला. मग बासरीवाला, मग म्हातारी. बघता बघता वस्ती मोकळी झाली. खेळ वाचला होता, पण मला काही आनंद होईना.

ताईने किल्ली टेबलावर ठेवली. "निघते मग."

मी पडद्यावरून नजर न काढता हं म्हणालो. बॅगेची चाकं दारापर्यंत वाजली आणि थांबली.

"निघते रे."

"दार ओढून घे," मी म्हणालो.

चाकं जिन्यावरून खडखडत खाली गेली. पडद्यावर एका नव्या पाहुण्याने गाठोडं उचललं. आचारी कांदा चिरत होता. त्याने सुरी तशीच टाकली आणि तो उठला.

मी चपला न घालताच खाली धावलो.

ताई इमारतीच्या फाटकाशी उभी होती, बॅग पायाशी. मला बघून म्हणाली, "टॅक्सीच मिळत नाहीये."

समोर रिकाम्या टॅक्स्यांची रांग लागली होती. पहिल्या टॅक्सीवाल्याने तर दार उघडून धरलं होतं.

मी बॅग उचलली. "कोपऱ्यावर मिळेल," मी म्हणालो, आणि त्या रांगेवरून आम्ही दोघं सावकाश चालायला लागलो.