मास्तरांची पाटी

भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या शाळेत गुरुशांतप्पा मास्तरांनी अठरा वर्षं उर्दूतून शिकवलं. निजामाचा अंमल होता, दुसऱ्या भाषेत कोण शिकवू देतंय! घरात कन्नड, गल्लीत मराठी, शाळेत उर्दू. मास्तरांची जीभ तिन्हीकडं सारखीच चालायची. मग निजाम गेला आणि वरून हुकूम आला: शाळा आता मराठीतून. मास्तरांनी वर्षाच्या आत मराठीची परीक्षा द्यायची. दोनदा बसता येईल, नाही जमलं तर घरचा रस्ता. आणि मास्तरांना तर मराठीचं एक अक्षर लिहिता येत नव्हतं!

त्यांची लेक सावित्रा बारा वर्षांची. रझाकारांच्या धामधुमीत ती सोलापूरला मामाकडं राहिली आणि मराठी चार यत्ता शिकून आली. मास्तरांनी काय करावं? पाटी घेऊन सरळ लेकीपुढं मांडी घातली. लाडानं ते तिला कन्नडमधून अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे.

"अव्वा, आता तू मास्तर. चुकलो की कान धर."

गाव हसलं. मास्तर गावाच्या वरताण हसले. सावित्राला मात्र रडू यायचं. अप्पांचा हात उर्दूच्या सवयीनं पाटीच्या उजव्या कडेला जायचा, तिथून परत फिरायचा, आणि अक्षर आडवंतिडवं पडायचं. दहादा चुकायचे, दहादा ओलं फडकं फिरवायचे.

"रडायलीस कामून? पुसलं की पाटी कोरी. परत लिव्हू."

असा बाप मिळायला भाग्य लागतं बघा. पण बारा वर्षांच्या पोरीला ते कसं कळावं? तिला दिसत होती ती गेलेली नोकरी आणि थंड पडलेली चूल.

परीक्षा भालकीला होती. सकाळी लेखन, दुपारी निबंध. सावित्रानं भाकरी बांधून दिली आणि भाकरीच्या घडीत एक कागदही. 'आमचे गाव', अख्खा निबंध, तिच्या सुबक अक्षरात. हा निबंध हमखास येतो, असं मामा म्हणायचा.

पंधरा दिवसांनी निकालाचं पाकीट आलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मास्तरांनी तोच कागद तिच्या हातात ठेवला. घडी एकदाच उघडलेली दिसत होती.

"दुपारी ह्योच निबंध आला बग. अक्षर लई देखणं हाय, अव्वा. पण माझं न्हाई."

एवढंच. ना रागावले, ना डोळे वटारले. सावित्राचा जीव मात्र कानकोंडा झाला.

शाळेत हजेरी झाली आणि मास्तर उभे राहिले. "पोरांनो, मी नापास झालो. चार मार्कांनी."

पोरं आधी गप्प, मग खी खी खी. दारात गावचे पाटील श्रीपतराव उभे होते, ते कासावीस झाले. "मास्तर, डोस्कं फिरलं का? निकाल तुमच्या खिशात हाय. गावाला कामून सांगायलाव?"

"पाटील, अठरा वर्सं ह्या पोरांना उर्दूत सांगितलं, खोटं बोलू नका. आता मराठीत काय येगळं सांगू?"

 पोरांचं हसू थांबलं.

सावित्रा पोरांतच बसली होती. निबंधाची गोष्ट तिनं सांगितली नाही तर मास्तर जन्मात सांगणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि म्हणूनच तिला बसवेना.

"अप्पा..." ती उठली आणि पोरांकडं वळली. "त्यांच्या भाकरीत मी निबंध लिहून ठेवला होता. त्यांनी तो वापरला न्हाई. नापास ते मुळी न्हाईतच, मी हाय."

मास्तरांनी उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले, लपवलं नाही.

"मंजी आज आपन दोघं नापास," ते म्हणाले. "ये, बस माझ्याजवळ."

ती जाऊन बसली. मास्तरांनी पाटीवर ओलं फडकं फिरवलं, पेन्सिल घेतली, आणि कुणी न सांगता त्यांचा हात डाव्या कडेला गेला.