गळ्यापर्यंत बटणं

कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरवरून कल्याण जाफराबादच्या फाट्यावर पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. जालन्याच्या एका दवाखान्यात पायाला वजन लटकवलं, परवा आत रॉड टाकू म्हणाले. बायको शीतल आणि आई चतुराबाई खाटेपाशी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चतुराबाई चहा आणायला गेली, तेवढ्यात शीतलनं नवऱ्याचं अंग पुसायला घेतलं. काखेत आणि छातीवर बारीक लाल ठिपके उठले होते. तिनं घाईघाईनं शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून टाकली. दोन वर्षांमागं लेकीच्या, अंजूच्या अंगावर असंच उठलं होतं, तेव्हा सासूनं देवी आली म्हणून सलाईन काढायला लावलं आणि पोरीला घरी नेलं. दाराला लिंबाचे डहाळे, आणि सात दिवस सुईला बंदी. पोरगी वाचली ती तिच्या नशिबानं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्यात शीतलचं काय चुकलं?

पण कल्याणला धाप लागली होती. उजाडता उजाडता तो बायकोलाच बैलाच्या नावानं हाका मारायला लागला. शीतल नर्सकडं तीनदा गेली. आधी नर्स म्हणाली, दुखण्यानं होतं असं. मग म्हणाली, डॉक्टर येतील. तिसऱ्यांदा तिनं मानही वर केली नाही. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. इकडं सासूचं चाललेलं, बाहेरचं काही लागलं असेल, लिंबू उतरवू. दोघींनाही उचलून फेकावं असं शीतलला वाटत होतं.

डॉक्टर उगवले एक वाजता. नर्सला झापून त्यांनी ऑक्सिजन लावायला सांगितलं, शर्टावरूनच छाती तपासली आणि विचारलं, "अंगावर कुठं लाल पुरळ उठलंय?"

सासू शेजारीच उभी होती. शीतल म्हणाली, "न्हाई."

मग न्यूमोनियाच धरून चालू, असं डॉक्टर नर्सला म्हणाले. मांडीचं हाड मोडलं की कधी कधी आतली चरबी रक्तात उतरते, फुफ्फुसात आणि मेंदूत जाऊन अडकते. काखेत ठिपके असते तर त्याला या क्षणी आयसीयूत हलवलं असतं. एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडं वळले.

शीतलनं नवऱ्याचा शर्ट दोन्ही हातांनी ओढला, बटणं तुटून फरशीवर पडली.

चतुराबाईनं ठिपके बघितले आणि हात जोडले. "देवी आली माह्या लेकराला. सुया काढा, आम्ही घरी नेऊन राह्यलो."

"आत्याबाई, ही देवी न्हाई. हाडातली चरबी हाये," शीतल म्हणाली. "ह्यांना हात लावायचा न्हाई."

लग्नापासून पहिल्यांदाच ती सासूला आडवी गेली होती. तोवर डॉक्टर धावत आले. खाट आयसीयूकडं ढकलता ढकलता त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सकाळपासून तिनं मनातल्या मनात नर्सला शिव्या घातल्या, सासूला घातल्या. आता कुणाला घालायच्या?

"सहापासून," ती म्हणाली.