उघडी मूठ

रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये मला सगळे वाळूमावशी म्हणतात. वाळू भाजायची, चाळायची आणि विजेच्या इंजिनांच्या पेट्या भरायच्या, हे माझं काम. हसा खुशाल! चाक पोलादाचं, रूळ पोलादाचा, आणि दोघं टेकतात जेमतेम नखाएवढ्या जागेत. दव पडलं की मोटर कितीही दांडगी असो, चाक जागच्या जागी गरगरतं. तेव्हा पेटीतली वाळू नळीतून रुळावर पडते आणि पकड येते.

त्या सकाळी माझ्या लेकीची ड्रायव्हर म्हणून शेवटची परीक्षा होती. भरलेली मालगाडी चढावर न्यायची, शेजारी परीक्षक. गाडी अडकली तर वर्षभर पुन्हा संधी नाही. म्हणून मी खास ताजी वाळू भाजली आणि तिच्या पेट्या स्वतः भरल्या.

ती आली, पेटीतून मूठभर वाळू घेतली, दाबली, मूठ उघडली. वाळूचा गोळा तळहातावर तसाच.

"आई, ही काढ परत."

परीक्षकासमोर! माझं डोकंच सणकलं. "अगं, तीस वर्षं भाजतेय मी. तू मला शिकवणार?"

"तूच मूठ उघडून बघ ना."

बघितली. गोळाच! लेकीच्या कौतुकात भट्टीतली गरम वाळू निवू न देता ओतली होती; बंद झाकणाखाली वाफ कोंडून वाळूला घाम सुटला. नवशिक्याची चूक! जग म्हणतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्याकडे उघडी मूठ सव्वा लाखाची, कोरडी वाळू झरझर गळायलाच हवी. हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं.

पेट्या रिकाम्या केल्या, कालची निवलेली वाळू भरली. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. परीक्षकाने घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं.

चढ शेडच्या मागेच. मी कान लावून उभी राहिले. मध्यावर मोटरचा आवाज एकदम किंचाळला. चाक घसरलं!

"जोर कमी कर गं बये, मग वाळू सोड!" मी एकटीच ओरडले.

आवाज उतरला. मग दमादमाने जड घरघर सुरू झाली, ती थेट माथ्यापलीकडे गेली. मी तिथेच रडले, त्यात लाज कसली!

दुपारी दोघं परतली. पोरगी पास! परीक्षक म्हणाला, "उशीर लिहिलाय, पण कारणही लिहिलंय. मूठ उघडून बघायला हिला शिकवलं कुणी?"

मी आपली चाळणी झटकत राहिले.

लेक म्हणाली, "जिची वाळू परत केली, तिनेच."