रिव्हर्स पुढच्या अपडेटमध्ये

आमच्या वस्तीवरून तिसगावला जायचं तर पाझर तलावाच्या बांधावरून जावं लागतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार आणि वेड्या बाभळी, मधे एका गाडीपुरता रस्ता. समोरून दुसरी गाडी आली की एकानं मागं जायचं. कुणी जायचं हे कुठं लिहिलेलं नाही, कारण लिहायची कधी गरज पडली नाही. माझे वडील मागं जातात.

समोर दुसरं कुणी असलं तर अण्णा जरा वाट बघून मागं जातात. समोर काकासाहेब असले तर वाट न बघता जातात. काकासाहेब म्हणजे अण्णांचे थोरले चुलतभाऊ आणि माजी सरपंच. बांधाला त्यांच्या वडिलांची जमीन गेली म्हणून बांधावर पहिला हक्क त्यांचा, असं त्यांचं म्हणणं. जमीन आमच्या आजोबांचीही गेली होती, पण आजोबांनी तसं म्हणून ठेवलं नव्हतं.

त्यामुळं अण्णांनी आयुष्यभर हे एकच कौशल्य कमावलं. ते बैलगाडी मागं न्यायचे, आणि बैलांना मागं चालणं म्हणजे काय हे आधी पटवून द्यावं लागतं. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली असताना सुतासारखे मागं जायचे. लग्न होऊन आई पहिल्यांदा वस्तीवर येत होती, तेव्हाही बांधावर काकासाहेब समोर आले आणि नवरानवरीची जीप उलटी निघाली. आईला वाटलं, पोरगी पसंत नाही म्हणून माहेरी परत पाठवतायत. तिनं रडायला सुरुवात केली, आणि करवल्यांनी ती रीत समजून तिला साथ दिली.

"सासरची वाट मी पाठमोरी बघितली," असं आई अजून सांगते. सांगताना अण्णांकडं बघत नाही. अण्णांना त्याचाच जास्त त्रास होतो.

गेल्या दिवाळीत अण्णांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. कोंबड्यांच्या शेडवर सोलर बसवलंय, दिवसा वीज फुकट, हे सांगायचं कारण. खरं कारण काकासाहेबांनी घेतलेली डिझेलची दांडगी जीप. ती समोर आली की मोटरसायकलवरच्या अण्णांच्या तोंडासमोर तिचा बंपर यायचा.

मी नागापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे, म्हणजे यंत्रावर दुसरे काम करतात आणि मी बघतो. या अनुभवावर घरातली सगळी यंत्रं माझ्या ताब्यात आहेत. गाडीनं कुठंतरी वाटेत घेतलेलं अपडेट एका रात्री आपलं आपण बसवलं, तेव्हाही सकाळी मलाच हाक आली.

अण्णांनी गोल बटण 'आर'वर फिरवलं होतं. गाडी जागची हलत नव्हती. स्क्रीनवर इंग्रजीत लिहिलं होतं की रिव्हर्स सध्या उपलब्ध नाही, तो पुढच्या अपडेटमध्ये येईल, आणि आपल्या संयमाबद्दल आभार.

बांधावर जाऊन नगरच्या शोरूमला फोन लावला. तिथला रविराज फार गोड बोलतो.

"सर, रिव्हर्स येतोय. टीम त्याच्यावर काम करतेय."

"पण कालपर्यंत हुता की," अण्णा म्हणाले.

"हो सर, तो सुरक्षेसाठी काढलाय. मागं जाताना काही गाड्या थांबत नव्हत्या."

"आता कशा थांबत्यात?"

"आता मागं जातच नाहीत ना सर."

यात चूक काढायला जागा नव्हती. अपडेट हवेतून येणार होतं, पण आमच्या वस्तीवर हवा आहे आणि रेंज नाही. रेंज फक्त बांधाच्या मधोमध मिळते. म्हणून अण्णा रोज सकाळी गाडी बांधावर नेऊन उभी करायचे आणि काचा खाली करून बसायचे. काचांचा काही संबंध नाही, हे मी सांगून बघितलं. "आसू दे. हवेतून येनार हाय," ते म्हणाले.

"पावना यायचा आसला की येळ तरी कळिवतो," आई म्हणायची. "तुमचा ह्यो रिव्हर्स कवा येतुय? मी आपलं दूध जादा ठिवते."

मागं न जाता जगण्याची आम्हाला हळूहळू सवय झाली. अण्णांनी गोठ्याची मागची भिंत पाडली, म्हणजे गाडी एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. मधे बांधलेल्या म्हशीला सकाळ-संध्याकाळ उठावं लागायचं. तिसगावच्या बाजारात गाडी लावायला अण्णांनी पेट्रोल पंप निवडला, कारण तिथं आत शिरायची वाट वेगळी आणि निघायची वेगळी. पंपावरचा माणूस रोज नळी घेऊन यायचा, गाडीला गोल फेरी मारायचा आणि झाकण न सापडून परत जायचा. पुढं पुढं तो नुसता नमस्कार करू लागला.

मग एका सकाळी बांधावर दुधाचा टेम्पो घेऊन हनुमंत समोर आला. त्यानं सवयीनं हॉर्न दिला आणि सवयीनं बिडी पेटवली, कारण अण्णा मागं जाईपर्यंत तेवढा वेळ मिळतो.

अण्णा खाली उतरले. "हनुमंता, रिव्हर्स न्हाई."

"म्हंजी?"

"गाडीला न्हाई. पुढच्या अपडेटमदी येनार हाय."

"मग ढकलू की. उतरतो मी."

"ढकललं तर वॉरंटी जाती," अण्णा म्हणाले. हे त्यांनी तिथल्या तिथं तयार केलं होतं.

हनुमंतानं थोडा विचार केला, बिडी विझवून कानावर ठेवली आणि टेम्पो मागं घेतला.

मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी गाडी इतकी हळू पुढं नेली की मला वाटलं चार्जिंग संपलं. ते तलावाकडं बघत होते. "ओंकार," ते म्हणाले, "पानी लई मोठं दिसतंय रं. आरशात एवढं दिसत न्हाई."

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. मच्छिंद्राच्या, म्हणजे अण्णांच्या, गाडीला मागं जाणं माहीतच नाही. लोकांनी ते जितराबाचा स्वभाव समजून घ्यावा तसं समजून घेतलं. एखादा बैल मारका असतो, एखादी गाडी मागं जात नाही. लांबून आमची पांढरी गाडी दिसली की पलीकडचा माणूस बांधाच्या तोंडाशीच थांबायचा. स्कूल व्हॅन थांबायची, कांद्याचा ट्रॅक्टर थांबायचा, आणि अण्णा प्रत्येकाला हात करत पुढं जायचे. त्यांचं जेवण वाढलं. ते आरशात बघून मिशीला पीळ द्यायला लागले. आरशाचा दुसरा उपयोग उरला नव्हता.

काकासाहेब मात्र समोर आले नाहीत. ते खाणीकडच्या रस्त्यानं जायला लागले. तो रस्ता दुप्पट लांबीचा, आणि त्यावरून खडीचे ट्रकसुद्धा नाइलाजानं जातात. पण मच्छिंद्रासाठी मागं जाण्यापेक्षा त्यांनी मणका मोडून घेणं पसंत केलं. चावडीवर बसून ते सांगायचे, "मच्छिंद्रानं अर्धी गाडी घेतलीय. येऊ द्या त्याचा रिव्हर्स. पयला आमीच बघनार." बसताना मात्र पाठीमागं उशी घ्यायचे.

हे सगळं चालू असताना, एका सुटीच्या दिवशी मी गाणी लावायला म्हणून गाडीत बसलो. स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटा लाल ठिपका होता. तो दाबला. अपडेट तयार होतं. केव्हाचंच येऊन बसलं होतं. खाली दोन बटणं होती, 'आत्ता' आणि 'नंतर'. 'नंतर'च्या जागी काचेवर अंगठ्याचा डाग पडला होता, आणि तो अंगठा मी ओळखतो. त्याला कायम तंबाखू-चुन्याचा वास असतो.

अण्णा गोठ्यात म्हशीची समजूत काढत होते.

"अण्णा, अपडेट कवा आलं?"

"आलं आसंल."

"मग दाबलं का न्हाई?"

त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. म्हैससुद्धा वळून बघायला लागली.

"दाबलं की मागं जावं लागंल," ते म्हणाले.

मी गाडीत गेलो आणि 'नंतर' दाबून आलो.

पुढच्या गुरुवारी तिसगावचा बाजार करून आम्ही घरी येत होतो. गाडी अण्णा चालवत होते, मी शेजारी, आणि मागं आई, मांडीवर मेथीच्या जुड्या घेऊन. बांधाच्या मधोमध आलो आणि पलीकडून जीप चढली. ती बांधाच्या तोंडाशी थांबली नाही. आमच्या बोनेटपासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली.

काकासाहेब उतरले. कडक इस्त्री, फेटा, कपाळाला गंध. तिसगावात कुणाच्या तरी कापड दुकानाची फीत कापायला निघाले होते.

"मच्छिंद्रा, घे मागं."

"दादा, रिव्हर्स न्हाई. पुढच्या—"

"शोरूमला फोन लावला हुता मी," काकासाहेब म्हणाले. "त्यो रविराज म्हनला, सगळ्या गाड्यांना अपडेट कवाच गेलंय. तुज्या गाडीत येऊन पडलंय. निस्तं दाबायचं ऱ्हायलंय." ते खिडकीशी वाकले. "दाब. आन् घे मागं. कात्री धरून लोक उबे हायेत तिकडं."

अण्णांचे कान लाल झाले. त्यांची मान आपोआप मागं वळायला लागली, इतक्या वर्षांच्या सवयीनं. ती वळताना वाटेत आई आली.

आई मेथी निवडत होती. "मी एकदा गेलीय उलटी," ती जुडीकडं बघत म्हणाली. "आता न्हाई जायची. मला हितं उतरवा आन् मग जा."

अण्णांनी मान सरळ केली. लाल ठिपका दाबला. 'आत्ता' आणि 'नंतर' आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नागापूरला करतो तेच केलं. नुसतं बघितलं.

अण्णांनी 'आत्ता' दाबलं.

गाडीतून एक मंजुळ आवाज आला. स्क्रीन काळी झाली, मग निळी झाली. चाकांना खाली कुठंतरी खट्ट करून कुलूप बसलं. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर आला. तो मी काकासाहेबांना भाषांतर करून ऐकवला, कारण मोठ्या माणसांना ताटकळत ठेवू नये.

"काका, अपडेट बसतंय. साधारन तासभर लागंल. तवर गाडी हलवता येनार न्हाई, ढकलता येनार न्हाई, आन् बंद करू नका म्हनत्यात. संयमाबद्दल आभार मानलेत."

"कुनाचे?"

"तुमचेच असतील. आमी काय, आमी निवांत हाय."

काकासाहेबांनी गाडीकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, बाभळींकडं बघितलं. मग घड्याळाकडं. फोन वाजला. बांधाच्या मधोमध रेंज फार चांगली असते. पलीकडून दुकानदार विचारत होता की साहेब कुठवर आले.

"आलोच," काकासाहेब म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले. आता एकच वाट होती. मागं जायचं आणि खाणीच्या रस्त्यानं फिरून तिसगाव गाठायचं.

जीपनं मोठा आवाज केला आणि चार बोटं मागं जाऊन पाण्याकडं वळली. थांबली. पुढं आली. परत चार बोटं गेली आणि बाभळीत घुसली. तेव्हा आमच्या लक्षात आलं की काकासाहेबांना मागं जाता येत नाही. कधी गेलेच नव्हते. जीपला मागं कॅमेरा होता, पण त्यावरचं शोरूमचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

अण्णा खाली उतरले. जीपच्या मागं गेले आणि पत्र्यावर थाप मारली.

"दादा, ष्टेरिंग सरळ करा. आता डावं. तुमचं न्हाई, गाडीचं डावं. येऊ द्या. येऊ द्या. थांबा. घाबरू नका, पानी लांब हाय."

"मला शिकीवतो का?"

"व्हय."

तो 'व्हय' अण्णा इतक्या साधेपणानं म्हणाले की काकासाहेबांनी स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. पुढं अख्खा बांधभर तेच चाललं. थाप, येऊ द्या, थाप, थांबा. काकासाहेबांचा फेटा आरशाच्या आड यायला लागला, तेव्हा त्यांनी तो काढून शेजारच्या सीटवर ठेवला. फोन दोनदा वाजला आणि मग वाजायचा बंद झाला. जीपची मागची चाकं बांधावरून खाली उतरून मोकळ्या जागेत लागली, त्याच वेळी इकडं आमच्या गाडीनं मंजुळ आवाज काढला. अपडेट पूर्ण झालं होतं. रिव्हर्स आला होता.

अण्णा बांधावरून चालत परत आले. घाम आलेला, शर्टाला बाभळीचा काटा लागलेला. गाडीत बसले आणि पुढं निघाले. तेवढ्यात जीपच्या बाजूनं कडूबाई आणि तिच्या शेळ्या बांधावर चढल्या. दहा-बारा असतील, सगळ्या आपापल्या मतानं चालणाऱ्या.

अण्णांनी गाडी थांबवली. पलीकडं काकासाहेब जीपला टेकून वारा घेत होते आणि आमच्याकडंच बघत होते.

अण्णा आईला म्हणाले, "मागं घिऊ का?"

"कुनासाठी?"

"शेरडांसाठी."

आईनं मेथी बाजूला ठेवली आणि खिडकीतून बघितलं. "शेरडांसाठी घ्या," ती म्हणाली.

कडूबाई लांबूनच ओरडली, "ऱ्हाऊ दे मच्छिंद्रा, जात्याल कडंकडंनं."

"न्हाई कडूबाई, तुमी या दमानं."

अण्णांनी बटण 'आर'वर फिरवलं. गाडी नव्या नवरीसारखी लाजत टीं टीं करू लागली. अण्णांनी आरशात बघितलं नाही, कॅमेऱ्यात बघितलं नाही. एक हात आईच्या सीटकडं टाकून, समोर काकासाहेबांकडं बघत, तो अख्खा बांध ते तिसगावच्या तोंडापर्यंत मागं गेले. चाकोरीतून चाक बोटभर बाहेर गेलं नाही. आई सगळा वेळ खिडकीतून पाणी बघत होती. "बरं दिसतंय की हितनं," ती म्हणाली. "तवा डोळ्यात पानी हुतं म्हनून दिसलं न्हाई."

शेळ्या आल्या. एकेक करून आमच्या गाडीला अंग घासून गेल्या. कडूबाईनं अण्णांना हात जोडले. आणि शेळ्यांच्या मागं, शेळ्यांच्या चालीनं, हॉर्न न वाजवता काकासाहेबांची जीप आली, कारण आता बांध मोकळा होता आणि खाणीचा रस्ता पाठीला नको होता.

"या दादा," अण्णा खिडकीतून म्हणाले. "फेटा बांधून घ्या, ऱ्हायलाय तुमचा."

काकासाहेबांनी जीप थांबवून फेटा बांधला. मग म्हणाले, "चांगली मागं जाती रं गाडी."

"अपडेट झालंय," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर रविराजचा फोन आला. रिव्हर्सबद्दल अभिप्राय हवा होता, दहापैकी किती. अण्णांनी बराच विचार केला आणि दहा सांगितले. वर विचारलं, "आता ह्यो परत काडनार न्हाई ना?"

"नाही सर, आता कायमचा आहे."

"काडला तरी चालंल," अण्णा म्हणाले, आणि गोठ्याची भिंत तशीच राहू द्यायची असं त्यांनी ठरवलं.