पातेल्याचं निमित्त

सिंक बसवायला बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, हे जावईबापूंनी आधीच जाहीर केलं होतं. व्हिडिओ पाहून झाले, ड्रिल मशीन आलं, आणि ओट्याखालच्या कपाटात उताणं शिरून दगडाला खालून सिलिकॉन लावून सिंक चिकटवूनही झालं. आता कपाटाच्या कडांना क्लिपा लावायच्या, म्हणजे सिंकला आधार मिळतो, एवढंच राहिलं होतं. पण त्याआधी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा मोह कुणाला आवरतो? तिथे कौतुक सुरू झालं आणि इथे काम संपलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मोठं पातेलं पाणी भरून सिंकमध्ये भिजत ठेवलं. सिंक पातेल्यासकट कपाटात कोसळलं.

"आई, जड काही ठेवू नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?" जावई म्हणाला. सांगितलं नव्हतं.

"अगं आई, निदान विचारायचंस तरी," लेकीनेही त्याचीच री ओढली.

सासूबाई कायमच्या राहायला आल्या होत्या, पण बॅग अजून पुरती रिकामी केली नव्हती. त्यांनी गुडघे टेकून फरशी पुसली. संध्याकाळी लेकीला हळूच म्हणाल्या, "थोडे दिवस तुझ्या दादाकडे जाऊन येते." जावयाने ते ऐकलं आणि, खोटं कशाला बोला, त्याला सुटल्यासारखं वाटलं.

सकाळी लेक कामावर गेली. त्याने सिंक पुन्हा चिकटवायला घेतलं, तेवढ्यात सासूबाई ओल्या हातांनी आल्या.

"तुमचा तो चिकट झालेला शर्ट धुवायला घेतला. खिशात हे होतं. जपून ठेवा, महागाचं असेल."

त्यांच्या तळहातावर क्लिपांची पुडी होती, न फोडलेली. त्याचे कान तापले.

"जास्तीच्या आहेत," तो म्हणून गेला आणि पुडी घेऊन घाईघाईने कपाटात शिरला.

"आत अंधार असेल, मी बॅटरी धरते." दुखरे गुडघे सांभाळत त्या खाली बसल्या. "आता मी आहे तोवर पातेलं बाथरूममध्येच घासेन. तुमची मेहनत वाया घालवली मी."

त्याच्या हातातला स्क्रू निसटून छातीवर पडला. तो उचलायलाही त्याला सुचेना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं.

"आई," तो वरच्या दगडाकडे बघत म्हणाला, "पातेल्याने नाही पडलं. या क्लिपा मीच लावायला विसरलो होतो. आणि जड ठेवू नका असं मी तुम्हाला कधी बोललोच नव्हतो."

बॅटरीचा उजेड हलला, मग पुन्हा जागेवर आला.

"हे माझ्या लेकीला सांगाल?"

"सांगतो."

"बरं. आवळून घ्या आधी."

त्याने एकेक क्लिप आवळली. शेवटचीही झाली. सासूबाईंनी बॅटरी तशीच धरून ठेवली होती, आणि त्याला काही बाहेर येववेना.